कात्रीतून निसटलेला स्वर्ग

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापून निघाले. कॅरिबियन बेटांवरच्या ब्रिटिश वसाहतींत उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांसाठी ते खास तयार केले होते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकंदर १,१८९ अध्याय असतात. या आवृत्तीत ठेवले होते २३२. मोशे आपल्या लोकांना मिसर देशाच्या गुलामीतून सोडवून नेतो, तो भाग गाळलेला. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे पौल गलतीकरांना लिहितो, तेही गाळलेले. भावांनी विकलेला आणि परक्या घरी इमानेइतबारे चाकरी करणारा योसेफ मात्र ठेवला होता. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा उपदेशही शाबूत होता. मळेवाल्यांच्या मर्जीचे पुस्तक म्हटल्यावर एवढे अपेक्षितच.

चमत्कारिक गोष्ट पुढची आहे. बायबलमधले शेवटचे पुस्तक, ‘प्रकटीकरण’, या आवृत्तीत मुळातच नाही. नवे आकाश, नवी पृथ्वी, मोत्यांच्या वेशी आणि सोन्याचा रस्ता असलेली नगरी, माणसांच्या डोळ्यांतले अश्रू स्वतः पुसणारा देव, हे ख्रिस्ती माणसाच्या मनातले स्वर्गाचे चित्र ज्या पुस्तकातून येते, तेच नेमके उडवलेले. धर्म म्हणजे गरिबाला गप्प बसवायची युक्ती, ‘आत्ता सोसा, मेल्यावर स्वर्ग आहेच’ असे सांगून राबवून घ्यायची सोय, हे आपण सर्रास ऐकतो. तसे असते तर गुलामांच्या हाती सगळ्यात आधी प्रकटीकरण द्यायला हवे होते. मग त्यालाच कात्री का लागावी?

या बायबलच्या तीनच प्रती आज ठाऊक आहेत. त्यांतली एक अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. स्वर्गाची वाट पाहणारी गुलामांची गाणी, ज्यांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात, जगाच्या कानावर पहिल्यांदा घातली ती याच फिस्कच्या विद्यार्थ्यांनी. कात्री का लागली, या प्रश्नाचे उत्तर त्या गाण्यांत बरेचसे सापडते.

त्याआधी मराठी वाचकाने एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे स्वर्ग हे पुण्याईचे फळ. पुण्याई सरली की परत पृथ्वीवर. म्हणून आपल्या संतांनीही त्याची फारशी मातब्बरी ठेवली नाही. ख्रिस्ती श्रद्धेतला स्वर्ग कमाईचा नसतो. तो देवाच्या कृपेने मिळतो आणि तिथून परतीची वाट नाही. वधस्तंभावर येशूच्या शेजारी खिळलेल्या चोराला पुण्य जोडायला वेळ तरी कुठे होता? तरी त्याला त्याच दिवशीचे आश्वासन मिळाले, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. शिवाय ही आशा येशूच्या पुनरुत्थानावर उभी आहे. देह टाकून आत्मा कुठेतरी सुखात राहतो, एवढ्यावर ती थांबत नाही. मेलेले उठतील, सृष्टी नवी होईल आणि देवाची नगरी आकाशातून खाली उतरून माणसांत वसेल, असे प्रकटीकरणाचे शेवटचे अध्याय म्हणतात.

हे पुस्तक राजवाड्यात बसून लिहिलेले नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे. लिहिणारा योहान पात्म बेटावर अडकून पडलेला आणि वाचणाऱ्या मंडळ्या रोमन सत्तेच्या धाकात. बाबेल या नावाच्या आडून त्यात रोमचाच पाडाव रंगवला आहे. मळेवाल्यांच्या पोटात गोळा येण्यासारखेच ते होते.

स्पिरिच्युअल गीते जिथे घडली, त्या अमेरिकेच्या १८६० च्या जनगणनेत ३९,५३,७६० माणसांची नोंद गुलाम म्हणून आहे. या लोकांच्या कानावर दोन तऱ्हांची प्रवचने पडत. एक मालकाने बोलावलेल्या पाळकाचे: चोरी करू नका, अंगचोरी करू नका, उलट बोलू नका. त्यातही स्वर्ग असे, पण कसा? १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक वृद्ध माजी गुलामांच्या आठवणी टिपून घेतल्या गेल्या. नीट वागलात तर स्वर्गाच्या स्वयंपाकघरात तुमची सोय होईल, असे आपल्याला सांगितले जाई, हे त्यांत येते. म्हणजे तिथेही गोऱ्यांचे दिवाणखाने वेगळे आणि यांनी चुलीपुढे बसायचे.

दुसरे प्रवचन गुलामांतल्याच कुणा प्रवचनकाराचे. हॉवर्ड थर्मन हा विसाव्या शतकातला मोठा कृष्णवर्णीय धर्मचिंतक. त्याच्या आजीचा, नॅन्सी अॅम्ब्रोझचा, जन्म गुलामीतला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून फ्लोरिडातल्या घरी नातू तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. अपवाद फक्त प्रीतीवरच्या त्या एका अध्यायाचा. नातवाने मोठेपणी कारण विचारले, तेव्हा आजीने सांगितले: मालकाचा पाळक दर वेळी पौलाचेच वचन काढायचा, गुलामांनो, धन्याचे ऐका. तेव्हाच तिने ठरवून टाकले होते, की कधी सुटका झालीच तर तो भाग कानावर पडू द्यायचा नाही. पण वर्षातून एखाद्या वेळी शेजारच्या मळ्यावरचा गुलाम प्रवचनकार येई. शेवटी तो सगळ्यांकडे टक लावून बघत सांगे, की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. हे सांगताना आजीची मान ताठ होत असे, असे थर्मनने लिहून ठेवले आहे.

हे दुसरे प्रवचन उघड्यावर देण्याची सोय पुढे फारशी राहिली नाही. १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम प्रवचनकाराने बंड केले. त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सभा, त्यांचे प्रवचनकार आणि त्यांचे शिक्षण यांवर कडक कायदे आणले. मग प्रार्थना रानात, ओढ्याकाठी किंवा रात्री झोपडीचे दार लावून होऊ लागल्या. ओल्या गोधड्या भोवती टांगायच्या आणि दाराशी लोखंडी हंडा पालथा घालायचा, म्हणजे आवाज त्यात जिरतो, असा समज होता. ध्वनिशास्त्राला हे पटणारे नाही. पण मुलाखतींमध्ये हा पालथा हंडा इतक्या जणांनी सांगितला आहे, की त्यांच्या उपासनेचे ते जणू एक उपकरणच होते.

या रात्रींत स्वर्ग गायला जाई, आणि तो अगदी रोजच्या वापरातल्या वस्तूंनी भरलेला असे. त्यांचे एक प्रसिद्ध गाणे चक्क बुटांवर आहे. स्वर्गात देवाच्या प्रत्येक लेकराला बूट मिळणार आणि ते घालून ते सगळीकडे हिंडणार, असा त्याचा आशय. हे बालिश वाटत असेल, तर फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली लिहिलेले आत्मचरित्र उघडावे. मेरीलँडच्या मळ्यावर लहानपणी त्याला बूट, मोजे, विजार यांतले काहीच नव्हते. गुडघ्यापर्यंत येणारा जाडाभरडा सदरा तेवढा असे. कडाक्याच्या थंडीत तो धान्याच्या रिकाम्या पोत्यात शिरून झोपे. पाय इतके फुटत, की हे लिहिताना हातात असलेली लेखणी त्या भेगांत आडवी मावली असती, असे तो म्हणतो. अशा पायांना सोन्याच्या रस्त्यापेक्षा त्यावर चालायला मिळणाऱ्या बुटांचे अप्रूप जास्त वाटणार. शिवाय ‘सगळीकडे हिंडणार’ यातही मेख आहे. परवान्याच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकले तर फटके बसत.

त्याच गाण्यात एक बारीक चिमटाही आहे. स्वर्गाच्या गप्पा मारणारे सगळेच तिथे पोचणार नाहीत, असे गाणारे मध्येच सांगून मोकळे होतात. रोख कुणाकडे होता, हे काही सांगायला नको.

या गाण्यांतल्या आनंदाचे दुसरे मूळ कुटुंबात आहे. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाला कर्ज झाले, तो मेला किंवा त्याच्या मनात आले, की आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे विकले जाई. पुन्हा गाठ पडण्याची शक्यता शून्याच्या जवळ. म्हणून स्पिरिच्युअल गीतांतला स्वर्ग म्हणजे आधी आई भेटणार, बाप भेटणार, हरवलेली भावंडे भेटणार. तिथे पोचल्यावर आपण काय काय करू, याची यादी ही माणसे उत्साहाने करतात, आणि तीत येशूच्या दर्शनाइतकेच आईजवळ बसणेही महत्त्वाचे असते.

मालकवर्गाला या गाण्यांचा सुगावा अर्थातच होता. १८६१ मध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या जॉर्जटाउन गावात ‘वुई विल सून बी फ्री’ हे गीत गायल्याबद्दल काही गुलामांना तुरुंगात टाकले गेले. प्रभू आपल्याला लवकरच घरी बोलावील, एवढेच त्यात होते. कृष्णवर्णीय पलटणीचा कर्नल थॉमस हिगिन्सन याने ही हकिकत १८६७ साली छापली. त्याच्या पलटणीतल्या एका ढोलकी वाजवणाऱ्या पोराने त्याला हसत हसत उलगडून सांगितले होते, की ते लोक ‘प्रभू’ म्हणजे उत्तरेकडचे यांकी सैन्य असे समजले!

समज अगदीच चुकीचा नव्हता. १८३६ मध्ये डग्लस आणि त्याचे सोबती पळून जाण्याचा बेत करत होते, त्या दिवसांत ते कनानचे, म्हणजे बायबलमधल्या वचनदत्त देशाचे, गाणे वारंवार म्हणत. कनान म्हणजे स्वर्ग आणि कनान म्हणजे उत्तरेतली राज्येही, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले. तो बेत फसला. दोन वर्षांनी तो निसटला. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये पळाली, ती निघण्यापूर्वी वचनदत्त देशाचे गाणे म्हणत आपल्या माणसांचा आडून निरोप घेऊन.

अलीकडे मात्र प्रत्येक स्पिरिच्युअल गीतात पळवाटेचा गुप्त नकाशा शोधण्याची हौस बोकाळली आहे. अमुक ओळ म्हणजे नदी ओलांडा, तमुक ओळ म्हणजे अमक्या घरी थांबा, असे तक्ते फिरत असतात. त्यांतल्या बहुतेकांना समकालीन पुरावा नाही. डग्लस आणि टबमन यांची साक्ष भक्कम आहे, पण तिच्या जोरावर सगळीच गाणी सांकेतिक ठरवणे म्हणजे गाणाऱ्यांच्या श्रद्धेला सोडचिठ्ठी देणे झाले. त्यांच्या लेखी स्वर्ग हा स्वर्गच होता, आणि उत्तर ही उत्तर. दोन्ही एकाच देवाने कबूल केलेल्या गोष्टी असल्यामुळे एकाच चालीत बसत.

टबमनच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट दिसते. पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडली तेव्हा आपण तीच आहोत ना, हे पाहायला तिने स्वतःचे हात न्याहाळले. झाडांतून येणारे ऊन सोन्यासारखे दिसत होते आणि आपण स्वर्गात आलो, असे तिला वाटले. पण पाठोपाठ ध्यानात आले, की स्वागताला कुणीच नाही. आईबाप, भावंडे सगळी मागे मेरीलँडमध्ये. मग ती परत गेली. अभ्यासकांच्या हिशेबाने अशा सुमारे तेरा फेऱ्यांत तिने सत्तरेक माणसे सोडवून आणली. आपल्या माणसांवाचून स्वर्ग अपुरा, ही गाण्यातली समजूत या बाईने शब्दशः पाळली. १९१३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी तिने प्राण सोडला. तुमच्यासाठी जागा तयार करायला मी पुढे जाते, अशा अर्थाचे तिचे अखेरचे शब्द सांगितले जातात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचा निरोप घेताना असेच बोलतो.

आता फिस्ककडे. युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६६ मध्ये नॅशव्हिलच्या जुन्या लष्करी इस्पितळाच्या बराकींत ही शाळा सुरू झाली. पाच वर्षांत पैशाची इतकी ओढाताण झाली, की बंद करण्याची वेळ आली. खजिनदार जॉर्ज व्हाइट याने शेवटचा उपाय म्हणून नऊ विद्यार्थ्यांचे गायनपथक घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी उत्तरेची वाट धरली. दोनच दिवसांनी शिकागो शहराला प्रचंड आग लागली. या मुलांच्या पहिल्या जलशाची मिळकत पन्नास डॉलरांच्या आत होती; ती सगळीच्या सगळी त्यांनी शिकागोच्या आगग्रस्तांना दिली.

गुलामीतली गाणी लोकांपुढे म्हणायला ही मुले आधी तयार नव्हती. पथकातली पियानोवादक एला शेपर्ड हिने कारण सांगितले आहे: ही गाणी आमच्या आईबापांच्या उपासनेतली होती, पवित्र होती, आणि त्यांच्याबरोबर गुलामीच्या काळाच्या आठवणी वर येत. गोऱ्या श्रोत्यांसमोर त्यांचा तमाशा का करायचा? एलाची स्वतःची कथा तर विलक्षणच. मूल आपल्यापासून तोडले जाणार या भीतीने तिच्या आईने तान्ह्या एलासह कंबरलँड नदीत जीव द्यायचे ठरवले होते. वाटेत एका म्हाताऱ्या गुलाम बाईने तिला अडवले. देवाचा रथ खाली येतो आहे, या पोरीच्या हातून त्याला काम करवून घ्यायचे आहे, ही एक दिवस राजेराण्यांपुढे उभी राहील, असे ती म्हणाली. ही कथा एला सांगत असे. हाच रथ ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ या सर्वांत गाजलेल्या स्पिरिच्युअल गीतात आहे. संदेष्टा एलीया वर गेला तेव्हा अग्निरथ आला होता, त्या जुन्या करारातल्या प्रसंगावरून तो आला.

हळूहळू पथकाने ती गाणी कार्यक्रमात घेतली आणि श्रोते अवाक झाले. जुन्या कराराच्या नियमाप्रमाणे दर पन्नासाव्या, म्हणजे योबेल, वर्षी दासांना मोकळे करायचे असते. त्यावरून पथकाने ‘जुबिली सिंगर्स’ हे नाव घेतले. १८७३ मध्ये एला शेपर्ड खरोखरच व्हिक्टोरिया राणीसमोर उभी होती. दौऱ्यांच्या पैशातून फिस्कमध्ये जुबिली हॉल ही भव्य इमारत उभी राहिली आणि १ जानेवारी १८७६ रोजी तिचे उद्घाटन झाले. ज्या स्वर्गगीतांना पलायनवादी म्हणून नाक मुरडले जाते, त्यांनी बांधलेली ही विटामातीची वास्तू अजून वापरात आहे.

१८७३ हे साल महाराष्ट्रालाही ओळखीचे आहे. त्याच वर्षी जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ निघाली, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली. परलोकाच्या नावावर शूद्रातिशूद्रांना लुबाडणाऱ्यांवर जोतीरावांनी आयुष्यभर कोरडे ओढले. म्हणूनच त्यांच्या वाचकाला इथे एक शंका येणे साहजिक आहे: स्वर्गाच्या या गोड गाण्यांनी गुलामांचा संताप थंड तर केला नाही ना?

ही शंका जुनी आहे आणि ती घेणारी माणसे साधीसुधी नव्हेत. कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला अफू म्हटले ते सर्वांच्या तोंडी आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या जीवाचा सुस्कारा म्हटले होते, ते मात्र बहुतेकांना आठवत नाही. स्वीडनहून अमेरिकेत आलेला कामगारकवी जो हिल याने १९११ मध्ये एका विडंबनगीतात मेल्यावर आभाळात मिळणाऱ्या खाऊची टिंगल केली, आणि त्यातला ‘पाय इन द स्काय’ हा वाक्प्रचार इंग्रजीत कायमचा रुजला. सर्वांत झोंबणारी टीका घरातूनच झाली. कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन मेज याने १९३८ मध्ये ‘द नीग्रोज गॉड’ या पुस्तकात दाखवले, की परलोकातल्या भरपाईची कल्पना माणसाला सोसायला शिकवते, पण हक्कांसाठी उठू देत नाही. याच मेजने १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींची भेट घेतली होती आणि अहिंसेवर त्यांना खोदून खोदून प्रश्न विचारले होते.

त्याच्या वर्षभर आधी थर्मनही पत्नी स्यू बेली हिच्यासह भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन फिरून गेला होता. कोलंबोत एका वकिलाने त्याला थेट विचारले: ज्या धर्माच्या लोकांनी तुझ्या पूर्वजांना विकले, त्या धर्माचा प्रचार करत तू इथे कसा आलास? फेब्रुवारी १९३६ मध्ये गुजरातेत बारडोलीला गांधीजींची भेट झाली. त्यांच्या इच्छेवरून पाहुण्यांनी स्पिरिच्युअल गीते गायली. त्यांत एक वधस्तंभाचे होते आणि दुसरे याकोबाच्या स्वप्नातल्या, पृथ्वीपासून स्वर्गाला टेकलेल्या शिडीचे.

कोलंबोतला प्रश्न थर्मनच्या मनातून गेला नाही. १९४७ मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात त्याने या गाण्यांची बाजू मांडली. ती थोडक्यात अशी: आशेच्या विरुद्ध जाणारी प्रत्येक वस्तुस्थिती या माणसांनी डोळे उघडे ठेवून पाहिली, आणि तिलाच कच्चा माल करून आशा घडवली. ‘प्लेंटी गुड रूम’ या गाण्यातल्या स्वर्गात सर्वांना भरपूर जागा आहे, तिथे गुलामांची वेगळी चाळ नाही. धन्याच्या स्वर्गात गुलामासाठी स्वयंपाकघर होते. गुलामाने रचलेल्या स्वर्गात मात्र सगळ्यांची एकच पंगत होती. आपण कुणाच्या मालकीचे नाही, याची खूणगाठ तिथे रोज रात्री बांधली जाई, आणि ज्याला मालकी टिकवायची होती त्याला ती नको होती. मेजची टीका खोडून निघत नाही, कारण सोसत राहिलेले लोकही होतेच. पण कात्री कुणी चालवली, तुरुंगात कुणाला टाकले आणि तेरा वेळा परत कोण गेले, हे पाहिल्यावर पारडे थर्मनकडे झुकते.

या आशेतला आनंद बघायचा असेल तर लुइझियानातल्या न्यू ऑर्लीन्स शहराची अंत्ययात्रा पाहावी. कृष्णवर्णीयांच्या परस्पर-साहाय्य मंडळ्या महिन्याच्या वर्गणीतून सभासदाच्या दफनाची आणि बँडची व्यवस्था करत. ही चाल तिथूनच आली. चर्चपासून दफनभूमीपर्यंत बँड संथ शोकगीते वाजवतो. पुढे पट्टा आणि हॅट घातलेला म्होरक्या एक एक पाऊल तोलून टाकत चालतो. ताशासारख्या छोट्या ढोलाच्या तारांखाली रुमाल कोंबलेला असतो, त्यामुळे त्याचा आवाज कोंडल्यासारखा, धपधप येतो. प्रार्थना होते आणि मृताला निरोप दिला जातो. मंडळी थोडी दूर आली, की ढोलकवाला तो रुमाल काढतो. कडकडाट होतो, ट्रम्पेट चढ्या स्वरात लागतो, ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ सुरू होते आणि मागून येणारे लोक छत्र्या उघडून, रुमाल उडवत रस्त्यावर नाचू लागतात. त्यांत परकेही सामील होतात, कुणी त्यांना हटकत नाही. परक्याला हा प्रकार थट्टेसारखा वाटतो. पण रडण्याचा भाग इथे टाळलेला नसतो, तो पुरता करूनच पुढे जायचे असते.

शिकागोच्या थॉमस डॉर्सीला ते इतक्या सहज जमले नाही. हा मूळचा ब्लूज वाजवणारा पियानोवादक, पुढे गॉस्पेल संगीताचा जनक ठरला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुइस शहरात उपासनेसाठी गेला असताना बाळंतपणात बायको गेल्याची तार आली. तो घरी पोचला, तर पाठोपाठ बाळही गेले. देवाने आपल्यावर अन्याय केला, आता त्याच्यासाठी एक स्वर लावायचा नाही, असे त्याला वाटत होते. काही दिवसांनी एका मित्राने त्याला पियानोपाशी बसवले, आणि ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत आले. स्वर्गाचे वर्णन त्यात नाही. थकलेल्या माणसाला हात धरून घरी ने, एवढेच मागणे आहे.

मार्टिन लूथर किंग यांचे हे लाडके गीत. १९६८ च्या फेब्रुवारीत मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या पाठिंब्यासाठी किंग तिथे आले होते. ३ एप्रिलच्या रात्री वादळी पावसात त्यांनी केलेले भाषण शेवटच्या भागासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या मधला भाग इथे जास्त कामाचा आहे. पैलतीरीच्या शुभ्र झग्यांविषयी बोलायला हरकत नाही, पण लोकांना इथे अंगावर कपडे आणि पायांत बूट हवेत, असे ते म्हणाले. प्रकटीकरणातल्या नव्या यरुशलेमेविषयी बोलावे, तसेच नव्या मेम्फिसविषयीही बोलले पाहिजे. मेज हे कॉलेजात किंग यांचे गुरू होते. त्यांची टीका आणि बुटांचे जुने गाणे, दोन्ही या भाषणात एकत्र आली आहेत. त्याच भाषणाच्या अखेरीस मरणाची भीती उरली नसल्याचे किंग सांगतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटेलच्या सज्जात उभे राहून त्यांनी खालच्या वादकाला, आज रात्री ‘प्रेशस लॉर्ड’ छान वाजव, असे बजावले आणि काही क्षणांत गोळी लागली. ९ एप्रिलला अंत्यविधीत महालिया जॅक्सनने तेच गीत गायले. श्रद्धांजलीचे भाषण बेंजामिन मेज यांनी केले. किंग यांच्या थडग्यावरचा लेख ‘फ्री ॲट लास्ट’ या स्पिरिच्युअल गीतातला आहे.

फिस्कचे पथक आजही गाते आहे. दर ६ ऑक्टोबरला विद्यापीठात जुबिली दिन पाळला जातो, आणि २०२१ मध्ये पथकाला पहिले ग्रॅमी मिळाले. ज्यांना ही गाणी ऐकायची असतील त्यांनी पथकाच्या पुरुष चौकडीने १९०९ साली केलेल्या ‘स्विंग लो’च्या मुद्रणापासून सुरुवात करावी, खरखर बरीच आहे, पण ते सहज मिळते. त्यानंतर महालियाचे ‘प्रेशस लॉर्ड’. आणि लुई आर्मस्ट्राँगचे १९५० चे ‘न्यू ऑर्लीन्स फंक्शन’ लावाल, तेव्हा सुरुवातीचा संथ, रडवेला भाग कंटाळून पुढे ढकलू नका. ढोलावरचा रुमाल कधी निघतो, ते त्याशिवाय कळणार नाही.